मेणकापडी कोट अजून चालतो का? एका प्रश्नातले तीन प्रश्न

समजा, ब्रिटनमध्ये पीएचडीला निघालेल्या तुमच्या मैत्रिणीने विचारलं, "तो मेण लावलेला हिरवट कोट असतो ना, तिकडचे खेड्यातले लोक घालतात तो, त्याची फॅशन अजून आहे का? घेण्यासारखा आहे का?" तुम्ही दोन मिनिटं मोबाइल चाळाल आणि "हो, घे" किंवा "नको, जुनाट दिसतो" असं काहीतरी सांगाल. मैत्रीत तेवढं पुरतं.

आता हाच प्रश्न सिनॉप्सिसमध्ये लिहून बघा. कमिटीतला पहिलाच माणूस विचारेल, फॅशन कोणामध्ये? 'अजून' म्हणजे कधीपासून? आणि 'घेण्यासारखा' म्हणजे स्वस्त, टिकाऊ, कोरडं ठेवणारा, की अंगावर शोभणारा? तुमच्याकडे उत्तर नसेल तर पुढची वीस मिनिटं फार लांब वाटतात. पीईटीनंतरच्या मुलाखतीत बरेच विषय पडतात ते विषय वाईट असतात म्हणून नाही, तर एका वाक्यात तीन प्रश्न कोंबलेले असतात म्हणून. म्हणून आज हा कोटाचा प्रश्न नीट उसवून बघू. विषय हलका आहे, पण त्यात इतिहास आहे, समाजशास्त्र आहे, कापडाचं विज्ञान आहे आणि थोडं अर्थशास्त्रही आहे. शिवाय त्या मैत्रिणीचे स्कॉलरशिपचे पैसे खरोखर पणाला लागलेत, हे विसरू नका.

आधी वस्तू कोणती ते ठरवा

आपल्याकडे 'मेणकापड' हा शब्द आहेच. पण टेबलावर घालायचं किंवा बाळाच्या अंथरुणात टाकायचं गुळगुळीत कापडही आपण बोलताना मेणकापडच म्हणतो, मग त्यात मेणाचा कण नसला तरी चालतं. इथे अर्थ अगदी शब्दशः घ्यायचाय. घट्ट विणलेलं सुती कापड, त्यात मुरवलेलं मेण, आणि त्याचा शिवलेला कोट.

याचं मूळ शिडाच्या जहाजांत आहे. ओलं शीड वारा जास्त चांगला धरतं, पण जडही होतं. म्हणून शिडांना तेल लावायची रीत पडली आणि त्याच तेल लावलेल्या कापडाचे खलाशी अंगरखे करू लागले. तेल असायचं जवसाचं. जवसाच्या तेलाची गंमत अशी की ते वाळतं म्हणजे नुसतं सुकत नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची प्रक्रिया होते, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तेलाचा घट्ट थर बनतो. पाणी अडतं खरं, पण कापड पिवळं पडतं, थंडीत ताठरतं आणि घडीवर तडकतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कॉटलंड-इंग्लंडमधल्या गिरण्यांनी तेलाऐवजी पॅराफिनचं मेण वापरून हा प्रश्न सोडवला. मेण जवसाच्या तेलासारखं हवेत घट्ट होत जात नाही, त्यामुळे कापड लवचिक राहतं. डंडीची हॅली स्टीव्हनसन्स आणि लँकशायरची ब्रिटिश मिलरेन या कंपन्या त्या कामातल्या जुन्या.

कोटाचं सगळ्यात ओळखीचं नाव बार्बर. जॉन बार्बर या स्कॉटिश माणसाने १८९४ मध्ये साउथ शील्ड्सला, म्हणजे टाइन नदी समुद्राला मिळते त्या बंदराच्या गावात, दुकान काढलं. गिऱ्हाईक कोण, तर खलाशी, कोळी, गोदीतले कामगार. १९०८ मध्ये कॅटलॉग निघाला आणि माल टपालाने दूरवर जाऊ लागला. १९३६ मध्ये मोटरसायकल शर्यतींसाठी 'इंटरनॅशनल' हा पोशाख आला. दुसऱ्या महायुद्धात 'अर्सुला' पाणबुडीच्या कप्तानासाठी केलेला सूट पाणबुडीवाल्यांत पसरला. पुढे मार्गारेट बार्बर यांच्या काळात १९८० मध्ये घोडेस्वारीसाठी आखूड 'बीडेल' आणि १९८३ मध्ये शिकारीसाठी 'ब्यूफोर्ट' हे कोट आले. ब्यूफोर्टला पाठीमागे आडवा मोठा खिसा असतो, मारलेले पक्षी ठेवायला. आज लंडनमध्ये त्या खिशात बहुतेक लोक वर्तमानपत्र ठेवत असतील, किंवा काहीच नाही.

आपण 'तो खेड्यातला कोट' म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर बहुधा बीडेल किंवा ब्यूफोर्टच असतात. कॉड्रॉयची कॉलर, पितळी झिप, आत चौकड्याचं अस्तर. म्हणजे ज्याला लोक 'परंपरागत' समजतात तो कोट १९८० च्या दशकातला आहे. हे लिहून ठेवा, कारण 'अजून' या शब्दाशी त्याचा थेट संबंध आहे.

'अजून' हा शब्द फसवा आहे

"अजून फॅशनमध्ये आहे का?" या प्रश्नात उत्तराचा अर्धा भाग आधीच लपलेला आहे. आधी कधीतरी शिखर होतं आणि आता उतार असायला हवा, असं आपण न तपासता धरून चालतो. संशोधनाच्या प्रश्नात अजून, आजही, ऱ्हास, लोप पावत चाललेली हे शब्द दिसले की लाल पेन काढा. आपल्याकडे लोककलांवरच्या निम्म्या विषयांत हे गृहीतक असतं आणि ते कोणीच सिद्ध करत नाही.

बरं, मोजणार कसं? पहिला मोह होतो गूगल ट्रेंड्सचा. फुकट आहे, आलेख छान येतो. पण तीन गोष्टी बघा. त्याची आकडेवारी २००४ पासूनची आहे, म्हणजे १९८० च्या दशकातली लाट त्यात दिसणारच नाही. जी लाट दिसत नाही तिच्याशी आजची तुलना करून 'ऱ्हास' कसा ठरवणार? दुसरं, तिथला आकडा शोधांची संख्या नसतो. निवडलेल्या काळातल्या कमाल मूल्याला १०० धरून काढलेला तो सापेक्ष निर्देशांक असतो. कालावधी बदलला की तोच महिना ४० वरून ७० वर जातो. तिसरं, कोट ही हंगामी वस्तू. दर वर्षी थंडीच्या तोंडाला आलेख चढणार आणि उन्हाळ्यात पडणार. सप्टेंबर ते डिसेंबरचा तुकडा कापून "मागणी झपाट्याने वाढतेय" असं कोणीही दाखवू शकतं. एक चौथी भानगडही आहे. बार्बर हे आडनाव आहे. मिसिसिपीचे एक गव्हर्नर होते हेली बार्बर, त्यांचे शोधही त्याच शब्दात मिसळतात. साधनाला दोष नाही, पण साधन काय मोजतं ते आपण नीट वाचत नाही.

मग १९८० च्या लाटेचा पुरावा कुठे शोधायचा? त्या काळच्या छापील गोष्टींत. १९८२ मध्ये ॲन बार आणि पीटर यॉर्क यांचं 'द ऑफिशियल स्लोन रेंजर हँडबुक' आलं. लंडनच्या स्लोन स्क्वेअरच्या आसपास राहणाऱ्या, शनिवार-रविवार खेड्यातल्या घरी जाणाऱ्या उच्चवर्गीय तरुण मंडळींची ती थट्टा होती. कोण काय घालतं, काय खातं, कसं बोलतं. हिरवा मेणकापडी कोट हा त्या मंडळींचा जणू गणवेश होता. थट्टेचं पुस्तक हा कसला पुरावा, असं वाटेल. पण विनोद जमायला वाचकाला खूण ओळखता यावी लागते. म्हणजे १९८२ पर्यंत खूण ओळखीची झाली होती, एवढं ते पुस्तक नक्की सांगतं. किती कोट खपले हे मात्र ते सांगत नाही. पुराव्याला त्याच्या ताकदीइतकंच बोलू द्यायचं.

पुढच्या लाटाही अशाच खुणांतून दिसतात. २००० च्या दशकात ब्रिटनच्या चिखलातल्या संगीत महोत्सवांत गायक-वादक हे कोट घालून फिरू लागले. २००६ च्या 'द क्वीन' सिनेमात हेलन मिरेनने साकारलेली राणी स्कॉटलंडच्या डोंगरात मेणकापडी कोट घालते. २०१२ च्या 'स्कायफॉल'मध्ये जेम्स बाँडच्या अंगावरही बार्बरचं जाकीट आहे. त्यानंतर अलेक्सा चुंगसारख्या फॅशनमधल्या नावांबरोबर कंपनीने खास कोट काढले. "सिनेमा आला आणि कोट खपले" असं लिहायचा मोह आवरा. त्याच वेळी कंपनी नवी दुकानं उघडत असेल, किमती बदलत असतील, हिवाळा कडक असेल. आधी घडलं म्हणून कारण झालं असं होत नाही, हे आपण सगळे नेटच्या पेपरात बरोबर लिहितो आणि स्वतःच्या थिसिसमध्ये विसरतो.

माझं मत विचाराल तर फॅशनच्या बाबतीत उत्तर 'हो' असं आहे, पण हा शिखर-उताराचा आलेख नाही. दर पंधरा-वीस वर्षांनी वेगळा गट हा कोट उचलतो आणि आधीचा गट तो टाकत नाही. आणि नेमकी हीच गोष्ट सिद्धांताला अडचणीची आहे.

सिद्धांत म्हणतो कोट मरायला हवा होता

जॉर्ज झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने फॅशनवर लिहिलेला निबंध १९०४ मध्ये इंग्रजीत आला. म्हणणं थोडक्यात असं. माणसाला गटासारखं दिसायचं असतं आणि गटापासून वेगळंही दिसायचं असतं. वरचा वर्ग काहीतरी घालतो, खालचा वर्ग नक्कल करतो, नक्कल झाली की वरचा वर्ग ते टाकून नवं शोधतो. म्हणजे फॅशन पसरली की ती मरायला लागते.

आता कोट या चौकटीत बसवून बघा. पहिली अडचण दिशेची. हा कोट वरून खाली आला नाही, गोदीतल्या कामगाराकडून जमीनदाराकडे वर चढला. त्यावर शाही मोहोर उमटली ती त्यानंतर. ड्यूक ऑफ एडिंबरांचं रॉयल वॉरंट १९७४ मध्ये, राणीचं १९८२ मध्ये, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सचं १९८७ मध्ये. दुसरी अडचण मरणाची. महोत्सवातल्या पोरांनी कोट घातला म्हणून जमीनदारांनी तो टाकला नाही. झिमेलच्या हिशोबाने टाकायला हवा होता.

लिटरेचर रिव्ह्यूचा खरा उपयोग इथे होतो. 'अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं' ही यादी म्हणजे रिव्ह्यू नव्हे. तुमची वस्तू एका सिद्धांतात बसत नाही तेव्हा दुसरा कोणता सिद्धांत ती न बसण्याचं कारण सांगतो, हे शोधणं म्हणजे रिव्ह्यू. हर्बर्ट ब्लूमरने १९६९ मध्ये झिमेलला उत्तर दिलं. त्याच्या मते फॅशन वर्गाच्या शिडीवरून उतरत नाही, काळाची रुची जुळवत अनेक लोक मिळून निवड करतात. यातून दिशेचा प्रश्न सुटतो. पण जुना गट कोट का टाकत नाही, हे त्यातूनही कळत नाही.

त्यासाठी मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो ग्रँट मॅक्क्रॅकन. त्याच्या १९८८ च्या 'कल्चर अँड कन्झम्प्शन' या पुस्तकात 'पॅटिना' या कल्पनेवर एक प्रकरण आहे. पॅटिना म्हणजे वापराने, वयाने वस्तूवर चढलेली झाक. चांदीच्या भांड्यावरचे बारीक ओरखडे, लाकडाची काळसर चकाकी. पैसा कोणीही मिळवू शकतो, पण तीन पिढ्या वापरलेलं भांडं नवश्रीमंताला बाजारात मिळत नाही. म्हणून जुन्या घराण्यांना पॅटिना ही खरी-खोटी श्रीमंती ओळखायची चाळणी वाटायची. मॅक्क्रॅकनच्या मते अठराव्या शतकात फॅशनने ही व्यवस्था मागे सारली. नवं असणं हेच मानाचं झालं.

मेणकापडी कोट ही त्या मागे पडलेल्या व्यवस्थेची शिल्लक आहे, असं मला वाटतं. नवा कोट कोणीही विकत घेतो. पण कोपरं पांढुरकी झालेला, खिशाच्या कडा विरलेल्या, वडिलांच्या मापाचा कोट दुकानात मिळत नाही. त्यामुळे महोत्सवातल्या पोराने तोच ब्रँड घातला तरी जमीनदाराला काही फरक पडत नाही. त्याची खूण कोटात नाही, कोटाच्या अवस्थेत आहे. झिमेल पूर्ण चुकला असं नाही. वेगळेपणाची जागा फक्त सरकली.

आणि इथे त्या मैत्रिणीचा प्रश्न अवघड होतो. फाटका कोट सगळ्यांच्या अंगावर सारखा वाचला जात नाही. इस्टेटीच्या मालकाच्या अंगावर तो 'जुनं घराणं' म्हणून वाचला जातो, बेघर माणसाच्या अंगावर 'गरिबी' म्हणून. नुकत्याच आलेल्या परदेशी विद्यार्थिनीच्या अंगावर तो कसा वाचला जाईल? आपल्याकडे नामवंत प्राध्यापकाच्या खांद्यावरची विटकी झोळी 'साधेपणा' ठरते आणि पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याची तशीच झोळी 'परिस्थिती' ठरते, तसंच हे. पिएर बूर्दिएने रुची आणि वर्ग यांचं नातं दाखवलं ते याच अर्थाने. वस्तूचा अर्थ ती कोणाच्या हातात आहे यावर ठरतो. म्हणून "फॅशनमध्ये आहे का" याच्या आधी "कोणाच्या अंगावर" हे शब्द जोडल्याशिवाय प्रश्न पूर्ण होत नाही. तिने घालू नये असं मी अजिबात म्हणत नाही. उलट न्यूकॅसल किंवा एडिंबराच्या बसमध्ये हा कोट इतका नेहमीचा आहे की कोणी वळून बघणार नाही. पण शिकारीच्या मेजवानीत आणि बसमध्ये त्याचे अर्थ वेगळे, हे तिला माहीत असावं.

आता तर पॅटिनाही विकत मिळते. बार्बर स्वतःच जुने कोट परत घेऊन, दुरुस्त करून, पुन्हा विकते. वडिलांचा कोट नसलेल्याला कोणाच्यातरी वडिलांचा कोट मिळतो. मॅक्क्रॅकनची चाळणी अशा बाजारात टिकते का? कोणाला एम.फिल.च्या आकाराचा विषय हवा असेल तर हा घ्या. एम.फिल. बंद झालं, विषय शिल्लक आहे.

कोरडं ठेवतो का?

पॅराफिनवर पाण्याचा थेंब पसरत नाही, गोळा होऊन बसतो. थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो संपर्ककोन १०० अंशांच्या वर असतो. साध्या सुती कापडात थेंब सरळ शोषला जातो. मेण धाग्यांच्या मधल्या फटी भरतं आणि धाग्यावर थरही देतं. पण जिथे कापड सारखं दुमडतं आणि घासतं, म्हणजे कोपर, खांदे, खिशाच्या कडा, तिथलं मेण आधी जातं. जुन्या पद्धतीच्या कोटात शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली नसते, त्यामुळे सुईच्या भोकांतूनही पाणी झिरपतं. म्हणून वर्षातून एकदा पुन्हा मेण लावावं लागतं. डबा गरम पाण्यात ठेवून मेण पातळ करायचं, फडक्याने चोळायचं, हेअर ड्रायरने मुरवायचं. एक संध्याकाळ जाते. वॉशिंग मशीनमध्ये हा कोट टाकायचा नाही, साबण लावायचा नाही. गार पाणी आणि स्पंज, बस.

प्रयोगशाळेत 'पाणी अडवणं' हेही एक माप नसतं. आयएसओ ८११ मध्ये कापडाच्या एका बाजूने पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि थेंब कधी फुटतो ते बघतात. आयएसओ ४९२० मध्ये वरून फवारा मारून कापड किती भिजतं याची श्रेणी देतात. आणि आयएसओ ११०९२ मध्ये घामाची वाफ बाहेर जायला कापड किती अडथळा करतं ते मोजतात. पहिल्या दोन्हींत चांगलं असलेलं कापड तिसऱ्यात नापास होऊ शकतं. मेणकापडाचं दुखणं तेच आहे. बाहेरचं पाणी अडवतं तशी आतली वाफही बरीच अडवतं. चढावर चालताना आतून ओलं झालात तर कोट 'वॉटरप्रूफ' असून उपयोग काय? १९६९ मध्ये बॉब गोर यांनी ताणलेल्या टेफ्लॉनचं सूक्ष्म छिद्रांचं पटल शोधलं आणि त्यातून गोर-टेक्स आलं, ते याच दुखण्यावर. डोंगर चढणाऱ्यांनी मेणकापड सोडलं ते फॅशनमुळे नव्हे, घामामुळे.

पावसाचं मापही असंच फसवतं. वर्षभराचा एकूण पाऊस बघितला तर पुणे आणि न्यूकॅसल एकमेकांपासून फार लांब नाहीत. दोन्हीकडे साधारण ६०० ते ७५० मिलिमीटर. म्हणजे न्यूकॅसलला चालणारा कोट पुण्यालाही चालेल? पुण्यात हा पाऊस मुख्यतः चार महिन्यांत, उबदार हवेत आणि जोराने पडतो. न्यूकॅसलला तोच बारा महिन्यांत, थंडीवाऱ्यात, रिपरिप करत पडतो. मेणकापडी कोट त्या दुसऱ्या पावसासाठी घडला आहे. वारा अडवणं हे त्याचं खरं बळ आहे. पुण्यात तो जुलैमध्ये घातलात तर पावसापेक्षा घामाने भिजाल. कोकणात कपाटात टांगून ठेवलात तर दमट हवेत सुती कापडाला बुरशी धरेल. मिलिमीटर तेच, चल वेगळं. तुमच्या अभ्यासात 'एकूण' असं लेबल असलेला आकडा आला की तो काळात कसा विभागला आहे हे विचारा.

पैशाचा हिशोब, आणि तो कुठे वाकतो

या कोटाच्या बाजूने नेहमीचा युक्तिवाद असतो: महाग आहे पण टिकतो, म्हणून दर वापराला स्वस्त पडतो. ऐकायला पटतं. मांडून बघू. आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

नवा कोट ३०० पौंड. वर्षाला ८० दिवस वापर. पहिलं वर्ष सोडून दर वर्षी मेणाचे १० पौंड. दहा वर्षं टिकला तर ३९० भागिले ८००, म्हणजे दर वापराला साधारण ४९ पेन्स. समोर ठेवा १०० पौंडांचं नायलॉनचं जाकीट, चार वर्षं टिकणारं: १०० भागिले ३२०, साधारण ३१ पेन्स. म्हणजे दहा वर्षांतही 'टिकाऊ' कोट हरतो! तो वीस वर्षं टिकला तर ४९० भागिले १६००, पुन्हा ३१ पेन्स. तिथे बरोबरी. सगळा निष्कर्ष 'किती वर्षं टिकतो' या एका गृहीतकावर टांगलेला आहे. असं गृहीतक सापडलं की ते बदलून बघायचं आणि निष्कर्ष कुठे पलटतो ते लिहायचं. सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस म्हणतात ते हेच, सॉफ्टवेअर लागतच असं नाही.

मग वीस वर्षं टिकतो का? "माझ्या आजोबांचा तीस वर्षांचा आहे" असे कोट खूप दिसतात. पण जे पाचव्या वर्षी फाटले, हरवले, बारीक-जाड झाल्यामुळे कपाटात पडले, ते तुम्हाला दिसत नाहीत. तीस वर्षांचे कोट बघून कोटाचं आयुष्य ठरवणं म्हणजे नव्वदीच्या माणसांना भेटून सरासरी आयुर्मान काढणं. हा उत्तरजीवितेचा पूर्वग्रह आपल्या क्षेत्रांतही सगळीकडे आहे. टिकलेल्या संस्था, छापून आलेले प्रयोग, पूर्ण झालेले थिसिस. पडलेल्यांची नोंद कुठे मिळेल हे आधी शोधा.

आता मैत्रिणीची खरी परिस्थिती घाला. ती चार वर्षांसाठी जातेय. नवा कोट ३००, मेणाचे ३०, जाताना १२० ला विकला असं धरलं तर २१० भागिले ३२०, साधारण ६६ पेन्स. जुना कोट १०० ला घेतला, चार वर्षं मेणाचे ४०, जाताना ६० ला विकला तर ८० भागिले ३२०, म्हणजे २५ पेन्स. नायलॉनपेक्षाही कमी. "घेण्यासारखा आहे का" याचं उत्तर कोटावर कमी आणि तो नवा घेताय की जुना यावर जास्त अवलंबून निघालं.

"नैसर्गिक आहे, म्हणून पर्यावरणाला चांगला" हे वाक्यही तुम्हाला ऐकू येईल. कापूस नैसर्गिक आहे, पण पॅराफिन पेट्रोलियममधूनच येतं. दुसऱ्या बाजूला, अनेक आधुनिक जाकिटांवर पाणी झटकण्यासाठी लावलेली फ्लोरिनयुक्त रसायनं निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत, त्यामुळे उद्योग आता ती सोडू लागलाय. तुलना करायची तर आधी एकक ठरवावं लागतं: 'एक कोट' की 'एका माणसाला एक वर्ष कोरडं ठेवणं'? दुसरं एकक घेतलं की टिकाऊपणा आपोआप हिशोबात येतो. आणि त्याबरोबर वरचा सगळा वाद पण.

तर मैत्रिणीला काय सांगायचं

फॅशनचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये हा कोट घालून तुम्ही कुठेही विचित्र दिसणार नाही. रोजच्या चालण्याला, वाऱ्याला, रिपरिप पावसाला चांगला. सायकलने लॅबला जायचं असेल किंवा डोंगर चढायचे असतील तर पातळ, वाफ सोडणारं जाकीट घ्या. मेणाचा वास सगळ्यांना सोसत नाही आणि नव्याने मेण लावलेला कोट फिकट बॅगेला, मित्राच्या गाडीच्या सीटला डाग देतो, हेही सांगा. इथून निघताना काही घेऊ नका. तिथे पोचल्यावर जुन्या कपड्यांच्या दुकानात बघा.

जुना घेताना आधी आत हात घालून कोपर आणि काखेजवळचं कापड उजेडात धरा. मेण गेलेलं असेल तर भाग कोरडा, फिकट दिसतो. ते परत लावता येतं. पण ताणल्यावर कापडातून उजेडाच्या बारीक रेघा दिसल्या, तर धागाच विरलाय, तिथे ठिगळ लागेल. झिप दोन्हीकडून चालवून बघा, कारण ती बदलणं मेणापेक्षा खर्चिक. अस्तराचा वास घ्या. बुरशीचा असेल तर कितीही स्वस्त असला तरी ठेवून द्या. आणि आत स्वेटर घालता येईल एवढं माप घ्या, कारण या कोटाला स्वतःची ऊब फारशी नसते.